सार्सापरिला वेगळी, अनंतमूळ वेगळं, आणि फोटोतली वेल तिसरीच

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सरबतांवर जो लेख आला होता त्याबद्दल लिहितोय. तसा मी पत्र वगैरे लिहिणारा माणूस नाही, सकाळी पेपर वाचतो आणि दुपारी त्याच्याच पुड्या बांधतो, पण या लेखानं माझ्या दुकानात एवढा घोळ घातलाय की म्हटलं आता बसून लिहूनच टाकावं. पत्र लांबणार आहे, पाहिजे तिथं कापा, फक्त फोटोचं आणि उकळायचं जे लिहिलंय तेवढं कापू नका.

आमचं गडहिंग्लजला काष्ठौषधीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, वावडिंग, अनंतमूळ, चोपचिनी असला सगळा माल. मी वैद्य नाही, कुणाला काय घ्या ते सांगत नाही, पण कुठली काडी कशाची आहे हे मला अंधारात वासावरनं सांगता येतं एवढं नक्की, चाळीस वर्षं तेच केलंय.

तर त्या लेखाचं हेडिंगच होतं की अनंतमूळ म्हणजेच सार्सापरिला. खाली माहिती निम्मी अमेरिकेतल्या सार्सापरिला वेलीची, निम्मी आपल्या उपळसरीची म्हणजे अनंतमुळाची, दोन्ही एकत्र कालवलेली, आणि वर फोटो भलत्याच वेलीचा. हृदयासारखं रुंद पान, देठापासून टोकापर्यंत सरळ धावलेल्या जाड शिरा, देठाशी दोन तणावे, वेलीला काटे. ही आपली घोटवेल तरी असणार नाहीतर तिच्या भावकीतली कुठलीतरी. अनंतमूळ हे नव्हेच. फोटो बहुतेक नेटवरनं सार्सापरिला टाकून काढला असणार, म्हणजे एका अर्थी फोटो बरोबर होता आणि खालचं नाव चुकीचं, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार.

आता तुम्ही म्हणाल एका फोटोनं काय एवढं बिघडलं. सांगतो.

पंधरा दिवस झाले असतील, बाजारच्या दिवशी आजऱ्याच्या वरच्या अंगाचा एक गडी दुकानात आला. पाठीवर पोतं, ते धाडकन ओट्यावर टाकलं आणि शर्टाच्या खिशातनं तुमच्या पेपरचं कात्रण काढलं, चार घड्या घातलेलं, घामानं ओलं झालेलं. म्हणाला, "अण्णा, दोन दिस खणतोय बघा, ही आमची घोटवेल, जल्मभर हिच्या कोंबांची भाजी खाल्ली पण मूळ एवढं मोलाचं हाय हे आत्ता कळलं, बोला काय भाव देताय." पोत्यात गाठी गाठी असलेली, लाकडासारखी कडक, माती लागलेली मुळं, वीस किलो तरी असतील. मी म्हटलं बाबा हे अनंतमूळ नव्हे, याला माझ्याकडं गिऱ्हाईक नाही. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मीच त्याला भावात पाडायला खोटं बोलतोय. "पेपरात छापलंय की ओ. पेपर खोटं बोलतोय व्हय?" आता याला मी काय उत्तर देणार? चहा पाजला, येष्टीचं भाडं देत होतो ते त्यानं घेतलं नाही, पोतं मात्र तिथंच ठेवून गेला, म्हणाला परत बाजाराला येतो तवर विचार करा. त्या माणसानं घोटवेल बरोबर ओळखली होती हे लक्षात घ्या, चुकला तो नाही.

त्याला जे समजावून सांगायचा प्रयत्न केला तेच इथं लिहितो, जरा सविस्तर.

खरी सार्सापरिला ही मेक्सिकोपासून खाली ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास आणि पुढं दक्षिण अमेरिकेच्या वरच्या भागापर्यंत जी दमट जंगलं आहेत तिथली वेल. स्मायलॅक्स नावाचं एक मोठं खानदान आहे त्यातल्या तीनचार जाती या एकाच नावानं विकल्या जातात. काटेरी असते, तणाव्यांनी झाडाला धरत धरत उंच चढते, नर वेल वेगळी मादी वेल वेगळी. नावसुद्धा स्पॅनिश, झार्झा म्हणजे काटेरी जाळी आणि पारिया म्हणजे लहानशी द्राक्षवेल. खाली जमिनीत एक आखूड गड्डा आणि त्याच्यापासून चारी दिशांना दोरीसारखी लांबच लांब मुळं, दोनदोन मीटर आणि त्याच्याही पुढं जातात म्हणे. काढणारे लोक गड्डा तसाच ठेवून मुळं कापतात, म्हणजे वेल मरत नाही. मग ती मुळं वाळवून पेंढ्या बांधायच्या. त्या पेंढ्यांची नावंही गमतीशीर, जमैका सार्सापरिला म्हणून जो माल युरोपात जायचा तो जमैकात पिकायचाच नाही, मध्य अमेरिकेत निघायचा आणि जमैकाच्या बंदरातनं चढायचा, म्हणून जमैका. आपल्याकडचा काबुली चणा तरी कुठं काबूलहून येतो, व्यापारात हे चालायचंच.

हे मूळ मी प्रत्यक्ष बघितलंय, कारण माझा भाचा ह्यूस्टनला असतो आणि तिथल्या मेक्सिकन दुकानात अशा मुळांच्या पुड्या खुंटीला टांगलेल्या असतात, मामाचा धंदा माहीत असल्यामुळं त्यानं एक आणली होती. मोठ्या हौसेनं उघडली, नाकाला लावली, आणि वास काहीच नाही! वाळलेल्या मातीचा येतो तेवढाच. चावून बघितलं तर आधी पिठूळ, मग थोड्या वेळानं घशात कडवट खवखव. पाण्यात टाकून बाटली हलवली तर रिठ्यासारखा फेस आला वर, कारण रिठ्यात असतं तसलंच सॅपोनिन यात असतं. शीतपेयावर फेस टिकावा म्हणून या मुळाचा अर्क वापरतात तो त्याच गुणावर. पण सुगंधाच्या नावानं शून्य, आणि आपल्या लेखात मात्र "सार्सापरिलाचा मन मोहून टाकणारा सुगंध" असं होतं. तो सुगंध अनंतमुळाचा आहे साहेब. दुसऱ्याच्या पोराला आपलं म्हणून मिरवल्यासारखं झालं ते.

आता आपलं अनंतमूळ. गावाकडं उपळसरी म्हणतात, कोकणात पण तेच, संस्कृतात सारिवा, उत्पलसारिवा, त्याच्यावरनंच उपळसरी आलं. बॉटनीत हेमिडेस्मस इंडिकस. रुईच्या घराण्यातलं झाड, स्मायलॅक्सशी नातं नाही गोतं नाही. बांधाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत, माळावर कुठंही असते, बारीक तारेसारखी वेल, काटा नाही, तणावा नाही, आपली आपणच दुसऱ्याला पीळ घालून चढते. पानं समोरासमोर, खालची अगदी अरुंद आणि वरची जरा रुंद, इतका फरक की नवखा माणूस दोन वेगळ्या वेली म्हणेल, आणि पानाच्या मधोमध पांढरी रेघ, रंगाच्या ब्रशनं ओढल्यासारखी. पान खुडलं की दूध येतं. शेंगा जोडीनं येतात, पिकून तडकल्या की आतनं म्हाताऱ्या उडतात, लहानपणी आपण सगळे त्यांच्या मागं पळालोय. मूळ पेन्सिलीएवढं किंवा त्याहून बारीक, काळपट तपकिरी, साल आडवी तडकलेली. काडी मोडली की सालीचा आणि आतल्या पिवळट दांडीचा फरक स्पष्ट दिसतो, आणि वास! थोडा व्हॅनिलासारखा, थोडा पहिल्या पावसासारखा, त्यात कापराची किंचित झाक. व्हॅनिलाच्या सुगंधी द्रव्याचा सख्खा भाऊ म्हणावा असं द्रव्य या मुळात असतं, अणू तेवढेच आणि तेच, फक्त बसायच्या जागा बदललेल्या. हे मला एका फार्मसी कॉलेजच्या पोरानं सांगितलं जो प्रोजेक्टसाठी माझ्याकडनं नमुने न्यायचा.

मग हा घोळ झाला कसा? याचं पाप सगळं तुमच्या लेखकाच्या माथ्यावर मारणार नाही, घोळ दोनशे वर्षं जुना आहे. साहेब लोक इथं आले तेव्हा त्यांना सार्सापरिला माहीत होती, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती अमेरिकेतनं युरोपात नेली होती आणि गरमीच्या रोगावर म्हणजे सिफिलिसवर औषध म्हणून तिचा मोठा बोलबाला होता, अमेरिकेचा पहिला फार्माकोपिया म्हणजे प्रमाण औषधांचा ग्रंथ १८२० चा, त्यातसुद्धा ती आहे. इकडं बघतात तर देशी वैद्य रक्तशुद्धीला एक मूळ वापरतायत. झालं, हीच इंडियन सार्सापरिला! १८३० च्या दशकात इंग्लंडात तर हे मूळ काही दिवस स्मायलॅक्सचीच एक जात म्हणून खपलं, आणि १८६४ च्या ब्रिटिश फार्माकोपियात हेमिडेस्मस दाखल झालं ते सार्सापरिलाला पर्याय म्हणूनच. लांबनं जहाजानं येणारी महाग मुळं घेण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं, हिशोब सरळ होता. त्यांनी आपल्या सोयीसाठी दिलेलं नाव होतं ते. आपल्याकडं चरक सुश्रुतापासून सारिवा आहे, सुश्रुतात तर तिच्या नावानं आख्खा गण आहे, सारिवाद्यासवाच्या बाटल्या प्रत्येक आयुर्वेदिक दुकानात दिसतात, आणि आपणच आता मराठी पेपरात "सार्सापरिला म्हणजे काय ते सांगतो" म्हणून तिची ओळख करून द्यायची, हे मला जरा लागलं. असो.

बरं स्मायलॅक्सच पाहिजे असेल तर ती पण आपल्या बाजारात आहे की, चोपचिनी! हा मुद्दा लेखात यायला पाहिजे होता आणि नेमका तोच राहिला. फारसीत चोब-ए-चिनी म्हणजे चिनी लाकूड, सार्सापरिलाची चिनी चुलतबहीण म्हणा. जड, गाठाळ, कापल्यावर आत गुलाबीसर पिठूळ, हिलाही वास नाही. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होता, १५३४ ला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडंही त्याचं जाणंयेणं होतं. त्याचं इकडच्या औषधांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यात या चिनी मुळावर आख्खं प्रकरण आहे आणि ते मूळ इकडं १५३५ च्या आसपास आलं असं तो लिहितो. कशासाठी आलं तर त्याच रोगासाठी. तो रोग पोर्तुगिजांबरोबर आला म्हणून आपल्याकडं त्याचं नावच फिरंग रोग पडलं, भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तेच नाव आहे आणि उपाय म्हणून चोपचिनीही आहे. म्हणजे बघा, रोग एका जहाजातनं आला आणि त्याचं औषध दुसऱ्या जहाजातनं. त्या काळी या रोगावर पारा द्यायचे, तो सोसण्यापेक्षा लोकांना हे मूळ बरं वाटलं असणार. रोग बरा व्हायचा का? आज डॉक्टर म्हणतात नाही व्हायचा, पेनिसिलिन आलं तेव्हा तो प्रश्न मिटला. माझ्या दुकानात आजही चोपचिनी घेणारे येतात ते सांधेदुखीसाठी चूर्णात घालायला.

पेयाचं सांगतो, कारण लेख मुळात सरबतावर होता. अमेरिकन काउबॉय पिक्चरमध्ये दारू न पिणारा माणूस बारमध्ये जाऊन सार्सापरिला मागतो आणि बाकीचे हसतात, ते सोडावॉटर लेखात होतं. पण त्या ग्लासात सार्सापरिला असायचीच असं नाही, चव बहुतेक सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीची आणि बर्चच्या तेलाची असायची, सार्सापरिला नावाला. पुढं सॅसाफ्रासमधलं सॅफ्रोल नावाचं द्रव्य आरोग्याला वाईट ठरलं आणि १९६० साली अमेरिकेनं ते खाण्यापिण्यात घालायला बंदी केली, मग राहिला नुसता इसेन्स. फिलिपिन्स, मलेशिया, तैवानकडं अजून सार्सी म्हणून कोल्ड्रिंक चालतं त्याचीही चव त्याच पठडीतली. जमैकात मात्र खरी मुळं उकळून रूट्स टॉनिक करतात, त्यात सार्सापरिला असते आणि चेनी रूट म्हणून तिथलीच एक स्मायलॅक्स असते, चेनी म्हणजे चायनाच, चिनी मुळावरनं पडलेलं नाव. म्हणजे नावांचा गोंधळ फक्त आपल्याकडंच आहे असं नाही, चिनी मुळाचं नाव जमैकाच्या जंगलात जाऊन बसलंय.

आपल्याकडं सरबत म्हटलं तर तो मान नन्नारीचा. तामिळनाडू, केरळ, आंध्रात उन्हाळ्यात रस्तोरस्ती, लिंबू पिळून सोडा घालून देतात, मदुराईच्या जिगरथंडा नावाच्या पेयात दुधाबरोबर हाच पाक असतो. नन्नारी म्हणजे आपलीच उपळसरी, तिकडं सुगंधाला किंमत आली आणि आपल्याकडं ती बाळाच्या अंगावर घामोळं उठलं की आजी दुधात उगाळून द्यायची तेवढ्यापुरतीच राहिली.

आता लेखातली रेसिपी. त्यात लिहिलं होतं मुळं अर्धा तास खळखळून उकळा, पाणी निम्मं करा, मग साखर घाला. साहेब, ज्यानं हे लिहिलं त्यानं एकदाही करून बघितलेलं नाही, पैज लावतो. तो सुगंध वाफेबरोबर उडून जातो, अर्धा तास उकळलं तर शेजारच्या घरापर्यंत वास जाईल आणि पातेल्यात उरेल तुरट लाल पाणी. आणि झालंही तसंच, त्या आठवड्यात पाचसहा जणी दुकानात भांडायला आल्या की तुमचं अनंतमूळ नकली आहे, सरबताला वासच नाही. एका वहिनींनी तर उरलेली मुळं परत आणून ओट्यावर ठेवली. मी त्यांच्यासमोर त्यातलीच एक काडी मोडून हातात दिली, वास घेतल्यावर म्हणाल्या, "अगंबाई, मग घरी कुठं गेला हो हा?" म्हटलं, एक्झॉस्ट फॅनमधनं गेला वहिनी.

आमच्या घरी करतात ते असं. शंभर ग्रॅम मूळ स्वच्छ धुवायचं, माती लई असते, तीनचार पाणी बदलायची. मग खलबत्त्यात नुसतं चेचायचं, साल सुटते आणि आतली लाकडाची दांडी निराळी होते, ती दांडी फेकून द्यायची, तिच्यात काही नाही. मिक्सरला लावू नका, दांडी सकट भुगा होतो आणि सरबत मचूळ लागतं. एक लिटर पाण्याला उकळी आणायची, गॅस बंद करायचा, मग साल टाकायची आणि लगेच घट्ट झाकण. रात्रभर तसंच. सकाळी फडक्यातनं गाळलं की चहासारखा फिकट तपकिरी रंग येतो. किलोभर साखरेचा पाक वेगळा करायचा, एकतारीच्या जरा पुढं, खाली उतरवून कोमट झाला की हे पाणी त्यात ओतायचं, दोन लिंबांचा रस घालायचा आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये. वरनं परत गॅसवर ठेवायचा मोह होतो पाक पातळ झाला म्हणून, तो आवरायचा, पातळ तर पातळ, महिनाभरात संपवा. माझी बायको त्यात चिमूटभर मीठ घालते, मला ते पटत नाही, पण घरात तिचंच चालतं.

बाजारातली लालभडक बाटली आणून ती अनंतमुळाची म्हणून पिणाऱ्यांना एवढंच सांगीन की खऱ्या पाकाला असला रंग येत नाही. आणि खऱ्या मुळातसुद्धा भेसळ असते, माझ्याकडं माल येतो त्यातच कधी कधी काळी सारिवा मिसळलेली असते, तिला वास नाही. काळी सारिवा आपल्या जागी औषध आहे, ग्रंथात दोन्ही सारिवा सांगितल्यात, पण पैसे पांढरीचे म्हणजे उपळसरीचे घेऊन काळी द्यायची ही लबाडी. दुसरी गोष्ट माकळीची. माझी मुलगी बंगळूरला असते, तिकडं माकळी बेरू म्हणून जाड मुळं मिळतात, बोटाएवढी आणि मांसल, वास थेट अनंतमुळाचा कारण सुगंधी द्रव्य तेच. त्याचं दह्यातलं लोणचं घालतात, मुलीच्या सासूबाईंनी एकदा बरणी पाठवली होती, पहिला घास टूथपेस्ट खाल्ल्यासारखा वाटला, तिसऱ्या दिवशी बरणी संपली होती. नन्नारी म्हणून पुष्कळ ठिकाणी हीच माकळी जाते, कारण एका झाडात भरपूर माल निघतो. पण ती वेल फक्त दक्षिणेतल्या खडकाळ डोंगरात आहे आणि एवढी खणलीय की आता संकटात असलेल्या वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे. म्हणून मोठा फोटो छापून "ही वेल शोधा आणि मुळं काढा" असं लिहिताना दहा वेळा विचार करावा असं मला वाटतं. आमच्याकडं जुने धनगर लोक पावसाळा सरल्यावर उपळसरी आणायचे, ते सगळं मूळ कधी ओढायचे नाहीत, तुकडा मातीत ठेवायचे, तो परत फुटतो. पेपर वाचून खणायला गेलेल्याला हे कोण सांगणार.

एक राहिलंच, जिमवाली पोरं. लेखात एक ओळ होती की सार्सापरिलात नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन असतं. या एका ओळीनं माझ्याकडं जेवढी तरुण गिऱ्हाइकं आली तेवढी गेल्या दहा वर्षांत आली नसतील! "काका, मसलवालं मूळ द्या." खपवायचं असतं तर पोती खपवली असती. टेस्टोस्टेरॉन नसतं हो त्यात, ना सार्सापरिलात ना अनंतमुळात. अफवा कुठनं आली ते मात्र मजेशीर आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रसेल मार्कर नावाचा केमिस्ट सार्सापरिलाच्या मुळातल्या सार्सासॅपोजेनिन नावाच्या द्रव्यावर काम करत होता, त्याला त्या रेणूची बाजूची साखळी तोडायची युक्ती सापडली. त्या युक्तीनं वनस्पतीतल्या द्रव्यापासून हार्मोन करता येतो हे कळलं, मग त्यानं स्वस्त कच्चा माल शोधत मेक्सिको गाठलं, तिथल्या व्हेराक्रूझकडच्या एका जंगली कंदापासून, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतल्या, प्रोजेस्टेरॉन हे बायकांचं हार्मोन बनवलं, आणि १९४४ साली मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनी निघाली. गर्भनिरोधक गोळ्यांचा इतिहास तिथनं सुरू होतो. म्हणजे मूळ सार्सापरिलाचं होतं हे खरं, पण ते सगळं झालं लॅबमध्ये, ॲसिड आणि भट्ट्या लावून. आपल्या पोटात ती भट्टी नाही. एका पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग काका अश्वगंधा द्या. दिली.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या रविवारच्या पुरवणीत एक चौकट छापा, फार मोठी नको. अनंतमुळाचा खरा फोटो, पांढऱ्या रेघेच्या पानाचा, शेजारी मुळाचा मोडलेला तुकडा. त्याच्याच बाजूला घोटवेलीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात की ही ती नव्हे. फोटो पाहिजे असेल तर मुलगा मोबाईलवर काढून पाठवेल, आमच्या परसात कुंपणावर दोन वेली आहेत. उकळू नका हेही एक ओळीत येऊ द्या. आणि पोटात घ्यायच्या वनस्पतीवर लेख आला की एखाद्या वैद्याला किंवा बॉटनीच्या मास्तरांना आधी दाखवत चला, गरोदर बायका, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले सगळेच पेपर वाचतात.

चौकट या रविवारी आली तर फार बरं होईल, कारण त्याच्या पुढचा बाजार धरून तो आजऱ्याकडचा गडी यायचाय. माझ्या तोंडी त्याला पटत नाही, छापील दाखवलं तर पटेल. त्याचं पोतं अजून माझ्या माळ्यावरच आहे, काल त्यातल्या एका गाठीला कोंब आलाय.

आपला,
एक जुना वाचक
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर